भोलाच्या मनातलं कोण सांगणार?

प्रिय ताई,

माझ्याकडे साठेक मेंढ्यांचा कळप आहे. वळायला बिजली आहे, बॉर्डर कोली जातीची कुत्री, सहा वर्षांची. राखणीला वाघ्या होता. चार महिन्यांपूर्वी त्याचे मागचे पाय पूर्ण गेले, खाणं सुटलं, आणि शेवटी डॉक्टरांना बोलावून त्याला कायमचं झोपवावं लागलं. त्याच्या जागी भोला तयार व्हावा म्हणून तो जाण्याआधी महिनाभर आणला होता. भोला राखणीच्याच जातीचा. आला तेव्हा साडेचार महिन्यांचा होता, तोवर एका घराच्या अंगणात माणसांतच वाढलेला. आता दहा महिन्यांचा झालाय. रात्री कळप सोडून आमच्या दाराशी येऊन पडतो. दोन कोकरांच्या मागे लागला, एकाचा कान फाडला, दुसरं सकाळी मेलेलं सापडलं. सकाळी उठताना मागचा पाय जरा ओढतो, चाललं की मोकळा होतो.

मैत्रिणीने एका अ‍ॅनिमल कम्युनिकेटर, म्हणजे जनावरांच्या मनातलं ऐकून सांगणाऱ्या, बाईंचा नंबर दिला. मी फोटो पाठवले. त्या पाऊण तास फोनवर होत्या. म्हणाल्या, भोला वाघ्याच्या दुःखात आहे, त्याला राखण नको आहे, त्याला घरात राहायचंय आणि बिजलीचा त्याला राग आहे. आमच्या गाढवीचाही फोटो होता. ती म्हणे राखणीचं काम घ्यायला तयार आहे. आणि वाघ्याने निरोप दिला की तू मला वेळेवर सोडवलंस, माझा तुझ्यावर राग नाही. हे ऐकून मी खूप रडले. आता त्या दर महिन्याला बोलायचं म्हणतात, शिवाय टेलिपथी शिकवणारा कोर्सही आहे.

नवरा हसतो. पण ताई, बिजलीचं काय? शिट्टी तोंडापर्यंत न्यायच्या आधी ती वळलेली असते. मी मनात डावीकडे म्हणते आणि ती डावीकडे जाते. याला टेलिपथी नाही तर काय म्हणायचं? आणि भोलाला देऊन टाकू का?

– कळपवाली

प्रिय कळपवाली,

जाताजाता लिहून टाकलेल्या एका वाक्यापाशी मी थांबले: भोला सकाळी उठताना मागचा पाय ओढतो. बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी त्याला पशुवैद्याकडे न्या. मोठ्या जातीची पिल्लं पहिल्या दीड वर्षात झपाट्याने वाढतात, आणि याच वयात पायाच्या लांब हाडांच्या आत दुखणं सुरू होतं किंवा खुब्याचा सांधा खोबणीत नीट बसत नाही. पहिल्या दुखण्यात कुत्रा कधी या पायाने लंगडतो, कधी त्या. दुसऱ्यात तुम्ही लिहिलंय तसं होतं, उठताना अवघडतो आणि चार पावलं टाकली की मोकळा होतो. नेमकं काय आहे ते डॉक्टर तपासून आणि एक्स-रे काढून सांगतील. तोवर घरातली माणसांची वेदनाशामक गोळी त्याला अजिबात देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही कुत्र्यांना घातक ठरू शकतात.

हे पहिलं का, तर दुखणाऱ्या कुत्र्याचं वागणं तुमच्या पत्रातल्या वागण्याशी बरंच जुळतं. रात्रभर उघड्या जमिनीवर पडून राहण्यापेक्षा तो कोरडा आडोसा शोधतो. अंगावर चढणाऱ्या कोकरावर लवकर चिडतो. पाऊण तासाच्या बोलण्यात त्याच्या दुःखाबद्दल, रागाबद्दल, इच्छेबद्दल बरंच आलं, पायाबद्दल काहीच आलं नाही. माझ्यासाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. कुत्र्याला आपल्या मनातलं कुणाला सांगता येत असेल, तर रोज सकाळी जे दुखतं ते तो आधी सांगेल.

आता बिजलीबद्दल. तुमचा अनुभव खरा आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती शिट्टीच्या आधी वळते, आणि चांगल्या कुत्रीबरोबर काम केलेला कुठलाही मेंढपाळ तुम्हाला हेच सांगेल. नवऱ्याने हसण्यासारखं त्यात काही नाही. प्रश्न एवढाच की तुमचा विचार तिच्यापर्यंत पोचतो कसा.

बॉर्डर कोलीच्या रक्तातच एक गोष्ट असते: कळपाला मध्ये ठेवून मालकाच्या बरोबर समोर, पलीकडच्या बाजूला जाऊन उभं राहायचं. घड्याळात तुम्ही सहाच्या आकड्यावर असाल तर ती बाराच्या आकड्यावर. हा तोल तिला कुणी शिकवावा लागत नाही, आपण फक्त तो हवा तसा मोडायला शिकवतो. म्हणून तुम्ही एक पाऊल उजवीकडे सरकलात की समोरचा बिंदू बदलतो आणि ती तिथे निघते. आणि मनात डावीकडे म्हणताना माणूस पुतळ्यासारखा राहत नाही. नजर त्या बाजूला जाते, खांदा फिरतो, वजन एका पायावर येतं, शिट्टी फुंकायला छाती भरली जाते. तुम्हाला यातलं काही जाणवत नाही. सहा वर्षांची बिजली मात्र याच गोष्टी बघत मोठी झाली आहे.

यात आणखी एक धागा आहे, तो फार कमी लोकांच्या लक्षात येतो. तुम्हाला फक्त बिजली बघत नसते, साठ मेंढ्याही बघत असतात. मेंढीचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, मान न वळवता तिला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त थेट मागची पट्टी सुटते. माणूस खांद्याच्या पुढे आला तर ती मागे वळते, खांद्याच्या मागे राहिला तर पुढे निघते. जनावरं हाताळण्याचं शास्त्र लोकांपुढे मांडणाऱ्या टेंपल ग्रँडिन यांनी या खांद्याच्या रेषेचं आणि जनावर ज्या अंतरावर बिचकतं त्या अंतराचं महत्त्व वर्षानुवर्षं समजावून सांगितलं आहे. तुम्ही अंगाने किंचित वळलात की कडेच्या मेंढ्यांचे कान फिरतात, एखादी मान वर करते. बिजली ते कान वाचते. म्हणजे तुमचा विचार तुमच्या खांद्यातून मेंढीच्या कानात आणि तिथून बिजलीच्या पायांत, एवढा प्रवास शिट्टी ओठांवर येईपर्यंत होऊन जातो. मला यात जे कौशल्य दिसतं ते कुठल्याही अदृश्य लहरीपेक्षा मोठं वाटतं. तुमच्या कळपातला जवळजवळ प्रत्येक जीव तुमच्याकडे लक्ष देऊन असतो.

ही गोष्ट शंभरहून अधिक वर्षांपूर्वी एका घोड्याने सिद्ध केली. बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ऑस्टन नावाच्या शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा टाप आपटून गणितं सोडवायचा. १९०४ मध्ये जाणकारांची एक समिती बसली आणि तिला कुठलीही फसवणूक सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या तरुण संशोधकाने पद्धतशीर चाचण्या घेतल्या आणि १९०७ मध्ये निष्कर्ष मांडले. विचारणाऱ्याला उत्तर माहीत असेल आणि तो हान्सला दिसत असेल, तरच हान्स बरोबर. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल किंवा घोड्याला झापडं लावली, की तो चुकायचा. बरोबर आकड्याला विचारणाऱ्याचं डोकं अगदी बारीकसं वर उचललं जायचं, आणि हान्स तिथे थांबायचा. यातली मला सगळ्यात बोलकी वाटणारी गोष्ट अशी की हे गुपित कळल्यानंतरही फुंग्स्टला स्वतःची ती हालचाल पूर्णपणे थोपवता येत नव्हती. फॉन ऑस्टन लबाड नव्हता. तुम्हीही नाही. शरीर बोलून जातं, आणि ते वाचणारा डोळा समोर असतो.

डोळ्यांच्या जोडीला नाक आहे. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात २०२२ मध्ये झालेल्या प्रयोगात माणसांचा घाम आणि श्वास यांचे दोन नमुने घेतले, एक शांत असताना आणि एक तोंडी गणिताचा ताण दिल्यावर. चार कुत्र्यांनी ताणाचा नमुना जवळजवळ ९४ टक्के वेळा बरोबर निवडला. तुम्ही घाबरलात, चिडलात, वैतागलात हे बिजलीला तुमच्या आवाजाआधी कळतं यात नवल नाही.

टेलिपथीच्या बाजूचा सगळ्यात गाजलेला दाखलाही सांगते, नाहीतर एकतर्फी होईल. १९९०च्या दशकात रूपर्ट शेल्ड्रेक या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने इंग्लंडमधल्या जेटी नावाच्या कुत्र्याचा अभ्यास केला. मालकीण दूरवर घरी निघायचा निर्णय घेते तेव्हाच जेटी खिडकीशी जाऊन बसतो, असा दावा होता. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी चार चाचण्या घेऊन १९९८ मध्ये लिहिलं की जेटीला ते ओळखता आलं नाही. शेल्ड्रेकना ते मान्य नाही, त्यांच्या मते स्वतःच्या आणि वाइजमन यांच्याही चित्रफितींत मालकीण परतत असताना कुत्रा खिडकीशी जास्त वेळ असतो. हा वाद मी इथे मिटवणार नाही. पण समजा शेल्ड्रेक बरोबर आहेत. तरी ती गोष्ट वर्षानुवर्षं एकत्र राहिलेल्या बाईची आणि तिच्या कुत्र्याची आहे. फोटो बघून अनोळखी कुत्र्याच्या मनातली पूर्ण वाक्यं ऐकणं आणि त्यावर कळपाचे निर्णय घेणं, याला त्यातून कसलाही आधार मिळत नाही. काटेकोर चाचणीत असं करून दाखवलेलं मला कुठेही आढळलं नाही.

तुम्हाला माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही, बिजलीची चाचणी घरच्या घरी होते. कळपाच्या एका बाजूला पूर्ण आड करणारी भिंत किंवा ताडपत्री हवी. तिच्यामागे तुम्ही उभ्या राहा, बिजली आणि मेंढ्या दोघांनाही दिसणार नाही अशा. नाणं उडवा, छापा आला तर डावीकडे, काटा आला तर उजवीकडे, आणि ठरलेल्या इशाऱ्यानंतर ती दिशा मनात धरा. बिजली आधी कुठे सरकली हे बाहेर उभ्या असलेल्या माणसाने लिहायचं. नाण्यावर काय आलं हे त्याला अजिबात माहीत नको, नाहीतर बिजली त्याच्याकडे बघून ओळखेल. हे वीस वेळा करा, हवं तर दोन-तीन दिवसांत वाटून, ती कंटाळू नये म्हणून. निव्वळ योगायोगाने दहाच्या आसपास बरोबर येतील. वीसपैकी पंधरा किंवा जास्त योगायोगाने येण्याची शक्यता सुमारे दोन टक्के आहे, तेवढे आले तर पुन्हा एकदा संपूर्ण चाचणी करा. दोन्ही वेळा आले तर कागद मला पाठवा, मी तो या सदरात छापेन. बाहेर लिहायला नवऱ्यालाच उभं करा. त्यालाही बिजली जवळून बघायला मिळेल.

कम्युनिकेटर बाईंसाठीही असाच साधा उपाय आहे. त्या मुद्दाम फसवत असतील असं मी म्हणत नाही. या कामातल्या पुष्कळ जणांना आपल्याला खरंच काही ऐकू येतं असं मनापासून वाटतं. पण त्यांनी सांगितलेल्या गोष्टी दोन ढिगांत टाकून बघा. एका ढिगात ज्या पडताळता येतात त्या: कोणत्या कोकराचा कान फाडला, डावा की उजवा, वाघ्या रात्री कुठे बसायचा, भोला आधी कुठे वाढला. दुसऱ्यात ज्या कुणालाच पडताळता येणार नाहीत त्या: दुःख, राग, इच्छा, क्षमा. तुमच्या पत्रातलं सगळंच्या सगळं दुसऱ्या ढिगात जातंय. आणि फोनवर पाऊण तासात तुम्हीही बोलला असाल, वाघ्याचं नाव निघताच तुमचा आवाज बदलला असेल. समोरची व्यक्ती संवेदनशील असेल तर तिला त्यातून खूप काही मिळतं, तिच्या नकळतही.

आता वाघ्या. त्याचा निरोप ऐकून तुम्ही रडलात, आणि त्या रडण्याने मोकळं वाटलं असेल तर ते तुमचंच आहे, ते कुणी काढून घेणार नाही. फक्त त्या क्षमेसाठी तुम्हाला दर महिन्याला कुणाला फोन करावा लागू नये, म्हणून लिहिते. जो कुत्रा उठू शकत नाही, खात नाही, ज्याच्या मागच्या अंगात ताकद उरली नाही, त्याला डॉक्टरांच्या हातून शांतपणे जाऊ देणं योग्य होतं की नाही हे त्याच्या त्या अवस्थेवरून ठरतं. ती अवस्था तुम्ही डोळ्यांनी बघितलीत. त्यासाठी साक्षीदार लागत नाही. तुम्ही वेळेवर सोडवलंत, हे मी तुमच्या पत्रातल्या तीन शब्दांवरून सांगते: खाणं, पाय, डॉक्टर.

भोलाच्या दुःखाबद्दल मात्र मी बाईंना पूर्ण खोडून काढणार नाही. घरातला एक कुत्रा गेल्यावर दुसऱ्याचं वागणं बदलतं, असं पुष्कळ मालक सांगतात. इटलीत २०२२ मध्ये चारशेहून अधिक मालकांना प्रश्नावली दिली, तेव्हा बहुतेकांनी मागे राहिलेल्या कुत्र्याचं वागणं बदलल्याचं लिहिलं: तो जास्त चिकटू लागला, कमी खेळू लागला, काहींच्या बाबतीत कमी खाऊ लागला. पण भोलाच्या बाबतीत वाघ्या जाण्याचा दुसरा अर्थ जास्त वजनदार आहे. त्याचा गुरू गेला. राखणीचा तरुण कुत्रा सगळ्यात चांगलं शिकतो ते मुरलेल्या कुत्र्याकडून. कोकराच्या मागे धावताच जुना कुत्रा त्याला खाली दाबतो, मग कुठे त्याला समज येते. भोलाला वाघ्या मिळाला जेमतेम महिनाभर.

आणि मुळातच तो उशिरा आला. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत अनेक वर्षं पिल्लांवर काम करून १९६५ मध्ये मांडलं की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू ज्यांच्यात वावरतं त्यांनाच ते आपलं मानतं. पुढे रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर यांनी अमेरिकेतल्याच हॅम्पशायर कॉलेजमधून शेकडो राखणीची कुत्री शेतकऱ्यांना देऊन बघितली, आणि राखणीचं सगळं मर्म याच काळात आहे असं सांगितलं. सोळाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू मेंढ्यांत वाढलं तर मेंढ्या त्याची माणसं होतात. हे सांगितल्यावर तुमच्या भोलाकडे पुन्हा बघा. तो साडेचार महिन्यांपर्यंत माणसांच्या अंगणात होता. रात्र झाली की तो आपल्या कळपाजवळ येऊन झोपतो. त्याचा कळप तुम्ही आहात. यात राखणीचा नकार नाही, त्याला कशाची राखण करायची हे चुकीच्या वयात ठरलं एवढंच.

हे जुळवून आणणं काय करू शकतं याचं एक उदाहरण मला फार आवडतं. ऑस्ट्रेलियात वॉर्नमबूलजवळ मिडल आयलंड नावाच्या छोट्या बेटावर बुटके पेंग्विन घरटी करतात. ओहोटीच्या वेळी कोल्हे चालत बेटावर जायचे. २००५ मध्ये तिथे दहापेक्षा कमी पेंग्विन उरले होते. २००६ पासून मरेमा जातीची राखणीची कुत्री पेंग्विनांची सवय लावून तिथे ठेवायला सुरुवात झाली आणि पक्षी पुन्हा वाढून शंभराच्या पलीकडे गेले. मग २०१७ मध्ये खवळलेल्या समुद्रामुळे कुत्र्यांना बेटावर नेता आलं नाही, तेवढ्यात कोल्ह्यांनी सुमारे १४० पेंग्विन मारले. राखण होते ती कुत्र्याच्या तिथे असण्याने: त्याच्या वासाने, भुंकण्याने, कडेकडेने मारलेल्या फेऱ्यांनी. तो दाराशी झोपला असताना त्याच्या मनात मेंढ्यांबद्दल कितीही प्रेम असलं तरी कोल्ह्याला त्याने काही फरक पडत नाही.

तुम्ही भोलाचं जेवण दाराशी देता का? पत्रात नाही, पण मला दाट शंका आहे. आणि बाईंचा फोन झाल्यापासून तो दाराशी आला की तुम्ही त्याच्याजवळ बसत असाल, पाठीवरून हात फिरवत असाल, त्याला दुःखी समजून. कुत्र्याच्या बाजूने बघा: मेंढ्या सोडून आलो की माया मिळते. आपल्या समजुती कुत्र्याच्या वागण्यात कशा उतरतात यावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०११ मध्ये एक प्रयोग केला होता. वास काढणारी १८ कुत्री आणि त्यांचे हाताळणारे, एका इमारतीत. शोधायचा पदार्थ तिथे कुठेच नव्हता, पण जिथे हाताळणाऱ्यांना तो आहे असं सांगितलं होतं तिथे कुत्र्यांनी सापडल्याच्या खुणा जास्त दिल्या असं हाताळणाऱ्यांनी नोंदवलं. भोलाला दुःखी, कामाला नकार देणारा म्हणून वागवत राहिलात तर तो तसाच होत जाईल.

म्हणून माझं म्हणणं, पायाचा निकाल लागल्यावर, दुखणं नसेल किंवा औषधाने आवरलं असेल तर, भोलाला आणखी एक संधी द्या. दहा महिन्यांचा राखणीचा कुत्रा अंगाने बैल आणि डोक्याने पोर असतो. या जातींना शहाणपण यायला दीड-दोन वर्षं लागतात, आणि मधल्या काळात कोकरांशी खेळणं, त्यांना पळवणं, कान-शेपटी ओढणं हे जवळजवळ सगळ्यांच्यात थोडंफार दिसतं. भोलाने कोकरू मारलं ते खाण्यासाठी नसावं, धावणाऱ्या खेळण्याचं तसं झालं असावं. खाल्लेलं असेल तर मात्र मला पुन्हा लिहा, मग माझं उत्तर वेगळं असेल.

आजपासून तो कोकरांजवळ एकटा नको, पाच मिनिटंसुद्धा. त्याला कळपाला लागून कुंपणाच्या पलीकडे ठेवा, म्हणजे दिवसरात्र वास आणि आवाज मेंढ्यांचा, पण पळवायची संधी नाही. जेवण तिथेच, पाणी तिथेच, तुमचं लाड करणंही तिथेच. दाराशी आला तर न बोलता, न रागावता परत नेऊन सोडा. दिवसातून एक-दोनदा लांब दोरी लावून त्याला आत न्या, आणि सोबतीला निवडा म्हाताऱ्या, खंबीर, अरे ला कारे करणाऱ्या मेंढ्या. एक चांगली धडक त्याला जे शिकवेल ते आपल्याला शिकवता येत नाही. तो हळू चालला, नजर खाली ठेवून वळसा घालून गेला, आडवा पडला, की हळू आवाजात शाबासकी द्या. मान ताठ करून एखाद्या कोकरावर नजर रोखली की तिथेच आवाज चढवून थांबवा, धावायला लागायच्या आधी. धावून झाल्यावर ओरडण्याचा काहीच उपयोग नाही, आणि मेलेलं कोकरू त्याच्या तोंडापुढे नेऊन मारणं तर नुसती क्रूरता आहे. मेंढ्या व्यायला लागल्या की त्याला पूर्ण बाजूला काढा. व्याल्यावर पडणारी वार खाणं हे राखणीच्या कुत्र्यांत चालतंच, पण नवखा कुत्रा वार आणि ओलं कोकरू यांत गोंधळू शकतो.

बिजलीवरच्या रागाबद्दल बाईंनी जे सांगितलं त्यात निरीक्षणापुरतं तथ्य असू शकेल, कारण दुसरं आहे. बिजली मान खाली घालून, डोळे रोखून, दबकत मेंढ्यांकडे जाते. ती शिकारीचीच चाल आहे, पकडून मारण्याचा शेवट काढून टाकलेली. राखणीच्या कुत्र्याची सगळी घडण ही चाल बघून मध्ये उभं राहण्याची. भोला बिजलीवर गुरगुरत असेल तर मला उलट आशा वाटते, कारण मेंढ्या त्याला थोड्यातरी आपल्या वाटू लागल्याचं ते लक्षण असू शकतं. दोघांना कळपापासून लांब एकत्र फिरवा, आणि बिजली काम करत असेल तेव्हा त्याला बांधून ठेवा.

गाढवीचं थोडक्यात. गाढवं राखणीला वापरतात हे खरं आहे, त्यांना कुत्रा आणि त्याचे भाऊबंद मुळातच आवडत नाहीत, दात-लाथा घेऊन अंगावर जातात. एकटीच गाढवी किंवा खच्ची केलेलं गाढव ठेवावं, नर गाढव कोकरांना इजा करू शकतं. एकट्या-दुकट्या कोल्ह्याला किंवा भटक्या कुत्र्याला ती भारी पडेल, लांडग्यांच्या टोळीपुढे ती स्वतःच सावज आहे. ती बिजलीच्याही अंगावर जाऊ शकते, तेव्हा बिजलीला तिच्यासमोर मोकळं सोडण्याआधी कुंपणाआडून बघा. आणि मेंढ्यांच्या खुराकाच्या पोत्यावर मोनेन्सिन या खुराकात मिसळायच्या औषधाचं नाव लिहिलेलं आहे का ते आजच वाचा. ते घोडा-गाढवाच्या हृदयाला विष आहे, थोड्या प्रमाणातही जीव जाऊ शकतो. गाढवी तयार आहे असं सांगणाऱ्याने ही एक गोष्ट सांगायलाच हवी होती.

कोर्स करू नका. जनावरांशी जवळीक वाढवायची तर तेच तास कळपात घालवा. कान, शेपटी, रवंथ, झोपण्याची जागा यांची रोज चार ओळींची नोंद ठेवा, एका ऋतूत तुम्हाला त्यांच्याबद्दल इतकं कळेल की दुसऱ्या कुणाला विचारावं लागणार नाही.

भोला दीड वर्षाचा होईपर्यंत रात्री कळप भक्कम कुंपणात घ्या, विजेचं कुंपण जमलं तर उत्तम, म्हणजे त्याच्या शिकण्याची किंमत मेंढ्यांना मोजावी लागणार नाही. तोवर तो कळपात झोपू लागला, कोकराला वळसा घालून जाऊ लागला तर ठेवा. एवढं करूनही कोकरू धरलं, किंवा दाराची ओढ सुटलीच नाही, तर त्याला जनावरं नसलेल्या, मोठं अंगण असलेल्या घरी द्या. त्यात त्याचा अपमान नाही आणि तुमचा पराभवही नाही. फक्त देताना नव्या माणसांना पायाचं आणि मेलेल्या कोकराचं सगळं सांगा, डॉक्टरांचे कागद सोबत द्या, आणि त्यांच्याकडे शेजारी शेळ्या-कोंबड्या आहेत का हे आधी जाऊन बघून या.